सामान यायच्या आधीचं घर

दुकानदाराने रिव्हर्बचं पेडल माझ्या पायाशी ठेवलं. गिटारच्या सुराला घुमायला जागा देणारी ही एवढीशी डबी. तार छेडायची आणि बटण फिरवत जायचं, की तोच सूर आधी खोलीत, मग सभागृहात आणि पुढे थेट एखाद्या गुहेत शिरतो. थोड्याच वेळात माझं डोकं पार चक्रावलं.

"साहेब, तुम्हाला नक्की कुठलं हवंय?"

मला काय ठाऊक! आपला सूर कुठे राहावा, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

मी पुन्हा तार छेडून बटण फिरवू लागलो, तशी शेजारी कंटाळून बसलेली माझी बायको मंजिरी एकदम म्हणाली, "थांब, थांब. हे आपलं घर आहे. सामान यायच्या आधीचं."

खरंच की. चावी मिळाली त्या दिवशी रिकाम्या खोल्यांतून आम्ही एकमेकांना वेड्यासारख्या हाका मारत सुटलो होतो, आणि भिंती त्या परत देत होत्या. मग कपाट आलं, गाद्या आल्या, तिच्या आवडीचे जाड पडदे आले. हाका घुमायच्या कधी थांबल्या, कळलंही नाही. मग आता मला हवंय तरी काय? ते घुमणं, की त्या हाका? की घरात नुसतंच सामान जास्त झालंय?

"उद्या सांगतो," म्हणून उठलो.

घरी आल्यावर ती पुढे होऊन आत गेली. दारात चपला काढता काढता मी उगाचच मोठ्याने हाक मारली, "मंजूऽऽ!"

पडद्यांनी ती तिथेच गिळली.

"ओरडतोस काय?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "इथेच तर आहे मी."