सभेला न गेलेला दादा

दादा गेल्याची बातमी मला दौंडला फोनवर कळली. फोन करणारा शिरूरचाच, दादाच्या चर्चमधला जुना माणूस. मी रडू आवरते आहे तोच त्याचं पुढचं वाक्य कानावर आलं, "एकदा तरी सभेला यायला पाहिजे हुतं पास्टरनी..." महिना उलटला, तो राग अजून उतरलेला नाही.

माझा थोरला भाऊ शिरूरमध्ये एका छोट्या चर्चचा पाळक होता. वर पत्रा, खाली सतरंज्या, पण रविवारी बसायला जागा मिळायची नाही. मग यवतजवळ हायवेला एका मोठ्या प्रचारकाच्या, प्रार्थनेनं आजार बरे करायच्या चंगाई सभा सुरू झाल्या. भोंगे, दिवे, स्टेजवर येऊन 'मी बरा झालो' अशा साक्षी. विश्वास असेल तर औषधं फेका, असं तिथं सांगायचे आणि आपली माणसं खरंच फेकायची! दादानं चर्चमध्ये उभं राहून सांगितलं, "प्रार्थना करा आन् गोळी बी घ्या. आजारी माणसाचं औषध तोडणं हा विश्वास न्हाई, पाप हाय." प्रचारकाची माणसं घरी आली. आमच्यात या, पक्कं चर्च बांधून देतो, म्हणाली. दादानं त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. हळूहळू सतरंज्या रिकाम्या झाल्या. ज्यांच्या पोरांचे बाप्तिस्मे त्यानं केले, ते बाजारात त्याला बघून मान फिरवू लागले.

आणि मग त्याच्याच पोटात कॅन्सर निघाला. अविश्वासाचं फळ, असं लोक बोलले... वहिनीच्या तोंडावर बोलले. तिनं शेवटी हात जोडले, "एकदा जाऊन या. माझ्यासाठी." त्यानं तिचे जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाला, "मला बी बरं व्हायचंय गं. पन पास्टर सुदिक आला, असं तिथं भोंग्यावर सांगतील. ते ऐकून उद्या कोण कोण दवाखाना सोडंल?" तो गेला नाही. केमो घेत राहिला, प्रार्थना करत राहिला, आणि मेला.

मातीला मात्र सगळे आले, हार घेऊन. यवतच्या स्टेजवर 'माझी शुगर गेली' अशी साक्ष दिलेली सुमनबाई कबरीपाशी सगळ्यांत मोठ्यानं रडली. मी तिच्याकडे पाहिलंही नाही.

पुढं दोन-तीन दिवसांनी मी वहिनीजवळ दादाच्या स्वयंपाकघरात बसले होते. मागचं दार वाजलं. सुमनबाई, पदर कपाळापर्यंत ओढलेला. "ताई, फ्रीजमधी माझं इन्सुलिन हाय. घरी ठिवलं तर सून सभेत सांगंल..."

फ्रीज उघडला. दुधाच्या पिशव्यांमागं औषधाची खोकी होती. मी वहिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "अजून तिघं येत्यात. कुनाला सांगायचं न्हाई, असं ह्यांनी मला बजावलं हुतं."

खोकं सुमनबाईच्या अंगावर फेकावंसं वाटलं. "नावं भर बाजारात ठेवलीत ना त्याला? मग औषधही सगळ्यांदेखत न्या. पुढच्या दारानं या!"

ती घुटमळली. मग घराला वळसा घालून पुढं आली. समोर शेजारणी बसलेल्या. मी दार सताड उघडलं आणि मोठ्यानं विचारलं, "काय पाहिजे?"

"इन्सुलिन," ती म्हणाली.

मी दिलं. मागच्या दाराला त्याच दिवशी कुलूप घातलं. फ्रीज मात्र चालू आहे.