कांतिशेठ आणि कोपऱ्यातली जोडी

कांतिशेठच्या पारसचा फोन आला तेव्हा मी मंचरहून घोडेगावला येणाऱ्या एसटीत बसलो होतो. "काका, पप्पा गेले," एवढंच तो म्हणाला. मागे दुकानात कुणीतरी पातेल्यांची चळत हलवत असावं, तो आवाज ऐकू येत राहिला. कांतिशेठ दुपारी दुकानात बसल्या बसल्याच गेले होते. मी फोन खिशात ठेवला आणि पहिला विचार आला तो एवढाच, की आता मैदानावर माझ्या शेजारी कोण बसणार... दुसरा विचार मात्र रागाचा होता. आता ती मंडळी शेठच्या नावानं गळा काढणार आणि ते मला बघावं लागणार. कुठली मंडळी, ते पुढे येईलच. शेठना जाऊन काही महिने झाले, राग काही उतरला नाही. उलट त्याला आता वास यायला लागलाय, आणि म्हणूनच हे लिहायला बसलो.

कांतिशेठचं घोडेगावच्या बाजारात भांड्यांचं दुकान. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, डोक्यावर भांड्यांचं गाठोडं घेऊन डोंगरातल्या वाड्या फिरले आणि इथेच राहिले. शेठचा जन्म इथला, शाळा इथली, बोली तर माझ्यापेक्षा इथली. अंगानं काडी, डोळ्यांवर जाड भिंगं. आयुष्यात कधी कबड्डी खेळले नाहीत. त्यांना पळताना मी एकदाच पाहिलं, ते सुटलेल्या एसटीमागे. पण कबड्डीचं वेड असं, की बोलायला लागले की गिऱ्हाईक ताटकळत उभं राही. आमच्या तालुक्यात एक छोटं कॉलेज आहे, त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या कॉलेजच्या संघाचे शेठ चाहते. चाहते कसले, त्या संघाला दुसरा चाहताच नव्हता! दरवर्षी शहरातल्या मोठ्या कॉलेजांकडून पहिल्याच फेरीत मार खाऊन पोरं परत यायची आणि लोक एसटी स्टँडवर त्यांची टिंगल करायचे.

माझी त्यांची दोस्ती भांडणातूनच झाली. मी पंचायत समितीत कारकून होतो. घरची मेंढरं आजोबांबरोबरच संपली, पण तरुणपणी मी चढाया बऱ्या करायचो, त्यामुळे आपल्याला कबड्डीतलं सगळं कळतं असा माझा समज. एकदा सामना हरल्यावर मी मोठ्यानं म्हणालो, "एक चांगला चढाईवाला आणा, म्हंजी बघा." शेजारचा हा चष्मेवाला माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "ओ राव, सरावाला कितींदा आलाय तुमी? न्हाई ना? मग उंटावरून शेळ्या नका हाकू." मेंढरंवाल्याच्या नातवाला हे ऐकवलं त्यांनी. मला राग आला, पण दुसऱ्या दिवशी सरावाला गेलो. शेठ तिथे आधीच येऊन बसले होते, बुडाखाली उपरणं अंथरून.

त्यांची मतं ठाम होती आणि ती ते कुणालाही ऐकवत. लहान कॉलेजानं मोठ्याची नक्कल करायची नाही, हे पहिलं. "त्यांच्याकडं मॅट हाय, जिम हाय, दूध-अंडी हाय. आपल्याकडं काय हाय? आपल्याकडं वाड्या हायेत," असं म्हणायचे. चढाईवाला एकटा खेळतो, तो कुठूनही आणता येतो, आणि जसा येतो तसा दुसरीकडे जातोही. पण बचाव हा जोडीनं होतो. एक कोपऱ्यात, दुसरा त्याच्या शेजारी त्याचा हात धरून. समोरचा आत शिरला की कोपऱ्यातल्यानं घोटा धरायचा आणि त्याच क्षणी शेजारच्यानं कंबरेला झोंबायचं. अर्धा श्वास उशीर झाला तरी गडी निसटतो. म्हणून शेठचं म्हणणं असं, की जोडी एकाच वाडीतली पाहिजे. लहानपणी एकत्र गुरं राखलेली, ओढ्यात एकत्र पडलेली, एकमेकांच्या शिव्या खाल्लेली. ती पोरं एकमेकांकडे न बघता हलतात. अशा जोड्या शोधायच्या, त्यांना दोन-तीन वर्षं एकत्र हरू द्यायचं, आणि मध्ये कुणाला काढायचं नाही. "हरू द्या न्हवं! हरल्याबिगर हात घट्ट व्हत न्हाई," हे तर मी शंभरदा ऐकलं असेल.

नुसतं बोलून थांबणारा माणूस नव्हता तो. डोंगरातल्या पोरांना संध्याकाळची शेवटची एसटी गाठावी लागे आणि सराव मध्येच सुटे, म्हणून शेठ प्राचार्यांच्या मागे लागले आणि सराव सकाळी करायला लावला. स्वतः डोंगराच्या पार टोकाच्या आहुपे गावापर्यंत जाऊन आले. आजोबांचं जुनं गिऱ्हाईक म्हणून घराघरांत शिरायचे, चहा प्यायचे आणि विचारायचे, "तुमच्या वाडीत कोण कोनाबरोबर हिंडतंय?" लोकांना वाटायचं, शेठ लग्नं जमवायला आलेत. त्यातूनच सोमनाथ आणि विलास सापडले. दोघं चुलत भाऊ, आहुप्याचे. सोमनाथ डाव्या कोपऱ्यात, विलास त्याच्या हाताला. पहिल्या वर्षी दोघांनी मिळून एवढा मार खाल्ला की मीसुद्धा म्हणालो, शेठ, ही जोडी बदला. शेठ माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

मग तो उपांत्य सामना आला. समोर शहरातलं नावाजलेलं कॉलेज. त्यांच्या चढाईवाल्याचे बूटसुद्धा आमच्या पोरांनी आधी कधी पाहिले नसतील. सामना लांबला, दिवस कलायला आला. शेठ जैन, चौविहार पाळायचे, म्हणजे सूर्य मावळल्यावर अन्न नाही की पाणी नाही. मी म्हटलं, "शेठ, डबा खाऊन घ्या." त्यांनी डबा उघडला, खाकऱ्याचा एक तुकडा हातात घेतला आणि तो तसाच हातात राहिला. शेवटच्या चढाईला तो बूटवाला आत आला, सोमनाथनं घोटा धरला आणि विलास कंबरेला कधी भिडला ते पंचांनाही दिसलं नसेल. तो गडी मध्यरेषेपासून वीतभर अलीकडे पडला. आम्ही जिंकलो! सूर्य केव्हाच बुडाला होता. शेठनी तो तुकडा परत डब्यात ठेवला आणि उपाशीपोटी एसटीत बसून घोडेगावपर्यंत हसत आले. अंतिम सामना आम्ही हरलो, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही. "पुढच्या साली बघा," म्हणाले.

पुढच्या साली जे बघितलं त्याची मला आजही शिसारी येते. विजयाचा वास लागल्याबरोबर कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष जागे झाले. इतकी वर्षं या माणसानं मैदानाकडे पाऊल टाकलं नव्हतं. आता त्यांना ढाल पाहिजे होती, पेपरात फोटो पाहिजे होता, कारण निवडणूक जवळ आली होती. त्यांनी लांबच्या जिल्ह्यांतून तयार खेळाडू आणले. कागदोपत्री प्रवेश, वर्गाचं तोंड कुणी पाहिलं नाही, राहायला लॉज, फिरायला गाडी. बचावातले गडीसुद्धा बाहेरून. सोमनाथ आणि विलास बाकावर बसले. बाकावर बसले असते तरी एक वेळ चाललं असतं, पण त्यांना त्या आणलेल्या पोरांच्या पाण्याच्या बाटल्या भरायला लावल्या. मी स्वतः पाहिलंय. आणि प्राध्यापक, प्राचार्य, सगळे शिकलेसवरलेले लोक टाळ्या वाजवत होते.

शेठ अध्यक्षांना भेटायला गेले, मी बरोबर होतो. शेठनी हात जोडून सांगितलं, "सायेब, ती जोडी तेवढी परत घ्या. बाकीची तुमची असूंद्यात." अध्यक्ष मोबाईलवर काहीतरी बघत होते. मान वर न करता म्हणाले, "शेठ, तुम्ही दुकान बघा. आमच्या गावच्या पोरांचं काय करायचं ते आम्ही ठरवू. बाहेरच्या माणसानं यात पडू नये." आसपासचे दोघं-तिघं हसले. ज्यानं अख्खा संघ बाहेरून आणला तो माणूस, इथे जन्मलेल्या, इथे म्हाताऱ्या झालेल्या माणसाला बाहेरचा म्हणाला... आणि त्याची जीभ अडखळली नाही. शेठ उठून बाहेर पडले. जिन्यावरून उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता. त्यानंतर ते मैदानावर यायचे, पण लांब, रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, वाटसरू थांबल्यासारखे. मला म्हणायचे, "आपुन काय, बाहेरचं मानूस." हसून म्हणायचे, पण मला ते हसू ऐकवायचं नाही.

त्या वर्षी अध्यक्षांना ढाल मिळाली. पुढच्या वर्षी जास्त देणारं दुसरं कॉलेज भेटलं आणि आणलेले गडी एका रात्रीत पसार झाले. सोमनाथ, विलास दोघांनीही तोवर कॉलेज सोडलं होतं. सोमनाथ पिकअप चालवायला लागला, विलास हंगामात पारगावच्या कारखान्यावर. मैदानावर गवत माजलं. शेठचं सगळं म्हणणं खरं ठरलं होतं, पण "बघा, मी म्हटलं न्हवतं?" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. मी म्हणालो, दहा जणांना ऐकवलं.

आणि मग शेठ गेले, आणि गळे काढणं सुरू झालं. कॉलेजात शोकसभा झाली. मागे भला मोठा फ्लेक्स, त्यावर अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो मध्यभागी, आणि ज्याची शोकसभा तो माणूस खाली कोपऱ्यात, पासपोर्टाएवढा. अध्यक्ष म्हणाले, "कांतिशेठ हे आपल्या मातीतलं रत्न होतं." उठून जावंसं वाटलं, पण पारस शेजारी बसला होता, म्हणून बसून राहिलो. तिथेच अध्यक्षांनी जाहीर करून टाकलं की शेठच्या नावानं चषक ठेवणार, मोठी स्पर्धा भरवणार, नामवंत खेळाडू आणणार. बाहेर पडताना त्यांचा माणूस मला कौतुकानं सांगत होता, "जेवनाची पन सोय केलीय काका, सगळ्या संघांना मटन-भाकरी!" चौविहार पाळणाऱ्या माणसाच्या आठवणीला मटण. त्यात दुष्टपणासुद्धा नव्हता हो, म्हणूनच जास्त किळस आली. दुष्टपणाला निदान समोरच्या माणसाची ओळख लागते. यांनी हा माणूस कधी पाहिलाच नव्हता.

मला एकाच गोष्टीची धास्ती होती, ती पारसची. पोरगा सालस, बापासारखा तोंडाचा फटकळ नाही. बाजारात धंदा करायचा, अध्यक्षांशी वैर कोण घेणार? दोनच दिवसांत अध्यक्षांचा तो माणूस चषक घेऊन दुकानात आला. आमच्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहे, नाव आणि खाली त्या माणसाचं गाव. कांतिशेठच्या दुकानात त्याचं छोटं मशीन आहे, सुईसारखं टोक थरथरत पत्र्यावर फिरतं. तालुक्यातल्या निम्म्या संसारांची नावं शेठच्या हातची असतील. त्या माणसानं चषक पुढे सरकवला. "घाल पप्पांचं नाव. घरचंच काम हाय, मोठ्या अक्षरात घाल."

पारसनं चषक उचलला, फडक्यानं पुसला आणि परत त्याच्या हातात दिला. "दादा, दुसरं कुनाचं बी नाव आना, घालून देतो. ह्ये नाव नाय घालनार."

"आरं, पन सायबांनी जाहीर केलंय!"

"मग सायबांचंच घाला."

एवढंच. आवाजही चढवला नाही त्यानं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होतो, मला ओरडावंसं वाटलं. स्पर्धा अर्थात झालीच. चषकाला अध्यक्षांच्या वडिलांचं नाव लागलं, मटण शिजलं, आणलेल्या संघानं आणलेल्या संघाला हरवलं आणि फोटो आले. पारसच्या दुकानाकडे तेव्हापासून संस्थेचं एक चमचासुद्धा काम येत नाही.

परवा दुपारी मी दुकानात बसलो होतो तेव्हा सोमनाथची पिकअप दारात थांबली. बरोबर विलास. दोघांनी पाण्याचं स्टीलचं पिंप निवडलं, तोटीवालं, ठोकून बघितलं. आहुप्यात वाडीच्या खालच्या सपाटीवर त्यांनी पोरं जमवलीत, रोज सकाळी खेळवतात. जोड्या लावताना काय बघता, असं मी विचारलं, तर विलास म्हणाला, "कोन कोनाबरोबर हिंडतंय त्ये बघतो." ते पिंप मैदानावर ठेवायचं होतं.

"नाव घालायचंय, पारसभाऊ," सोमनाथ म्हणाला. "कांतिशेठ घाला."

पारसनं मशीन लावलं. पिंप मांडीशी धरून वाकून तो अक्षरं काढत राहिला. नाव झालं. मग सवयीनं, गिऱ्हाइकाला विचारतात तसं त्यानं विचारलं, "खाली गाव कोन्तं टाकू?"

सोमनाथनं विलासकडे बघितलंही नाही. दोघं एकदमच म्हणाले, "आहुपे टाका."