मलम लिहिलेली चार कूपनं

"पाण्यात उगवतं, उलटं वाचलं तरी तेच. उत्तर जलज. आणि या चौघींनी लिहिलंय मलम!" रविवारची पुरवणी बघणाऱ्या मॅडमनी वाचकांची चार कूपनं माझ्यासमोर ठेवली. "चारही खुलताबादची."

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुपारी औरंगपुऱ्यात एका छोट्या दैनिकासाठी रविवारचं शब्दकोडं तयार करते. प्रत्येक आडव्या-उभ्या शब्दासाठी एक सूत्र द्यायचं, म्हणजे उत्तराकडे नेणारी ओळ. बरोबर कूपनांतून सोडत निघते. बक्षीस हिमरू शाल.

मलम हे माझंच आधीचं उत्तर. सूत्र होतं, 'जखमेवर लावा, उलटं वाचलं तरी तेच.' मलम नुकतंच येऊन गेलंय, असं मॅडम म्हणाल्या, म्हणून छपाईच्या आधी मी जलज घातलं. मधला ल तोच, त्यामुळे बाकीची चौकट हलली नाही. म्हणजे मलम छापलंच नव्हतं.

"माझ्याशिवाय कच्चं पान कुणी पाहिलं?"

"मी... आणि सलीमभाईंनी." सलीमभाई कॉम्प्युटरवर पान लावतात.

"त्यांची बहीण खुलताबादला असते ना?"

मी मान हलवली. माझं घरही तिथंच. ते मॅडमना आठवलं नाही, आणि मीही बोलले नाही.

"सोमवारी मालकांच्या कानावर घालते. पान दुसऱ्या कुणाकडे देऊ."

सलीमभाईंना कुणकुण लागलीच. "बेटा, मेरेकू कोडं लावता येतं, सोडवता नाय येत," ते म्हणाले. मी हसले नाही. ते फोन घेऊन बाहेर गेले की माझी नजर मागोमाग जायची.

रविवारी घरी गेले. आईचं बांगड्यांचं दुकान आहे. शेजारच्या मावशींनी विचारलं, "काय गं, आमचं मलम बरोबर आलं का?"

"मलम कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी म्हंजे? तूच की! बुधवारी आईला फोनवर वाचून दाखवतीस ना? फोन स्पीकरवर असतो. समद्या मिळून सोडवतो. पेपर आला की नुसतं भरायचं. परत कोण वाचीत बसतंय?"

"लई हुशार हैत ह्या," आई कौतुकानं म्हणाली.

साध्या माणसाला सुटेल असं सूत्र हवं, असं मॅडम सांगायच्या. सुटतंय का ते बघायला मी आईला फोन करायचे. आमच्या घरात ऑफिसात काम करणारी मीच पहिली. त्यामुळे मला आईला रागावता येईना. ऑफिसातलं ऑफिसातच ठेवायचं, हे तिला कोण सांगणार होतं? मलाच कळायला हवं होतं.

सोमवारी मालक यायच्या आत मी मॅडमना सगळं सांगितलं, सलीमभाईंच्या समोरच. पान त्यांच्याकडेच राहिलं. माझ्याकडचं कोडं दोन महिने काढून घेतलं.

"मॅडमनी संशय घेतला, ठीक आहे," सलीमभाई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले. "पर तू भी?"



आता कोडं पुन्हा माझ्याकडे आहे. अवघड झालंय, अशी वाचकांची पत्रं येतात. तक्रार खरी आहे, आईला सूत्रं वाचून दाखवणं मी बंद केलंय. पण छापून आलेलं नाही ते घरीसुद्धा सांगायचं नसतं, हे शिकायला मी दुसऱ्याची नोकरी पणाला लावली होती.