भांडणावरचा वडा

पाम गावच्या कृष्णकांतची वीस वर्षं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वजनकाट्यावर गेली. ट्रक काट्यावर चढला की त्याने आकडा वाचायचा आणि ड्रायव्हरने भांडायचं, हा जणू नियमच. "काँटा गड़बड़ है," एवढं ऐकलं की कृष्णकांतच्या कपाळाची शीर ताडताड उडायची. मग काट्याच्या रिवाजाप्रमाणे समोरच्या हातगाडीवरून वडे यायचे. दोघांनी मिळून वडा खाल्ला की भांडण मिटलं. न खाणाऱ्याने डूख धरला असंच सगळे मानत. असे दिवसाला सहा वडे तो इमानेइतबारे रिचवत होता.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली. बोईसरच्या डॉक्टर उत्कर्षा म्हणाल्या, "काका, ताण आला की शरीर रक्तात साखर सोडतं, पळायला नाहीतर लढायला. तुम्ही खुर्चीतून हलत नाही, वर वडा टाकता. हा ताण आणि हे तेल रोज एकत्र आलं की यकृत बिचारं काय करणार? तीन महिने देते. उतरली नाही तर गोळ्या."

गोळ्या म्हणताच त्याला बाबा आठवले. साखरेने त्यांचा पाय गेला होता. कृष्णकांत मनापासून घाबरला.

दुसऱ्या दिवसापासून वडा बंद. पण वडा नाकारला की ड्रायव्हरचा अपमान व्हायचा आणि दहा मिनिटांचं भांडण जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालायचं. आगीतून उठून फुफाट्यात. महिन्याने तपासलं तर साखर जागची हलली नव्हती.

तेव्हा त्याने रिवाजच उलटा केला. गाडी काट्यावर चढण्याआधीच ड्रायव्हरच्या हातात वाडीतल्या काकडीची मीठ लावलेली फोड द्यायची. भरल्या तोंडाने कोण भांडणार? तरीही कुणी भांडलाच, तर त्याच्यासोबत ट्रकभोवती फेऱ्या मारत भांडायचं. तिसऱ्या फेरीला दोघांनाही धाप लागायची आणि आकडा मान्य व्हायचा.

तीन महिन्यांनी साखर उतरली. कागद नाचवतच तो घरी आला. बायकोने, जागृतीने, त्याच्यासाठी तीन महिने घरात कढई चढवली नव्हती. तिने कागद दोनदा वाचला, डोळे पुसले आणि पिठाच्या डब्यामागून स्वतःचा कागद काढला.

"तुमच्या काळजीनं जिवाला चैन नाय. रोज दुपारी शेजारच्या जमनाकडं जाऊन भजी खात होते. माझी निघालीय, तुमच्याहून जास्त हाय."

कृष्णकांतने आपला कागद खाली ठेवला. "अगं, मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तुमची उतरली असती?"