आभासी कार्डांची खंडेनवमी

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग ऐका. मधेच हसलात तर ठसका लागेल आणि त्याचंही खापर माझ्यावर फुटेल. फजिती माझीच आहे, तेव्हा हसायला कुणाची परवानगी नको.

नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. आमच्या सर्व्हर रूममध्ये ब्लेड सर्व्हरची पेटी आहे. कपाटात पुस्तकं उभी लावावीत तसे पातळ सर्व्हर एका लोखंडी पेटीत सरकवलेले असतात. नेटवर्कची कार्डं प्रत्येकाला भरपूर लागतात. बिलांना वेगळं, हजेरीला वेगळं, कॅमेऱ्यांना वेगळं. पण खरं कार्ड असतं एकच, बाकीची आभासी. सॉफ्टवेअरमध्ये तयार केली की झाली. मी आपला करत सुटलो होतो. जी वस्तू मुळात नाहीच, तिला मर्यादा कसली असणार? सांगा ना.

पेटीच्या मागून चार जाड काळ्या केबली मुख्य स्विचला जायच्या. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी साफसफाई करताना मी त्यातल्या दोन काढून बघितल्या. सगळं चालू. दिवे लुकलुकतायत, बिलं निघतायत. म्हटलं, ह्या उगाचच लावून ठेवल्यात. दिल्या काढून. पेटी कशी सुटसुटीत दिसायला लागली. मी मोबाइलवर फोटोसुद्धा काढला.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. यंत्र बंद करायचं, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि मग पुन्हा चालू करायचं. लेथला, प्रेसला, सगळ्यांना हा मान. सर्व्हर मात्र आजवर कुणी बंद केला नव्हता. यंदा मीच हट्ट धरला. म्हटलं, आमचं यंत्र काय सावत्र आहे का? गुरुजी आमच्या कामशेतचे, मला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी पूजा सांगितली, मी थाटात बटण दाबलं, सर्व्हर चालू झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या विरतात न विरतात तोच बबनभाऊ दारात. मालाच्या गाड्या रवाना करायचं काम त्यांच्याकडे.

"साहेब, बिल निघंना. गाडी भरून उभी हाय."

"निघेल हो. आत्ताच उठलाय तो."

"जरा बिगीनं बघा. लेकीला आणाया कामशेतला जायाचंय. लग्नानंतरचा पयला दसरा हाय तिचा. पिशवी भरून बसलीय, आन् गाडी गेल्याबिगर मला हलता येत न्हाई."

मी बघितलं तर हजेरी चालू, कॅमेरे चालू, फक्त बिलांचं कार्ड मेलेलं. सर्व्हर बंद करून परत चालू केला. तेच. आता मी काही चुकीचं केलं असेल, ही शंका मला शिवली तरी का? छे. मी थेट गुरुजींना गाठलं.

"गुरुजी, नारळाचं पाणी आत उडालं का?"

"नारळ मी दाराबाहेर फोडला."

"मग ते तीर्थ शिंपडलंत ते?"

"शिंपडलं. पण ते तुझ्यावर."

मला काही पटेना. पेंट शॉपमधून गरम हवेचा ब्लोअर आणला आणि कोरड्या ठणठणीत पेटीला शेकत बसलो. तेवढ्यात कँटीनमध्ये बातमी पोचली की गुरुजींनी सर्व्हर भिजवला. तिथून ती शेजारच्या कारखान्यात गेली. गुरुजींची पुढची पूजा तिथेच होती. तिथल्या लोकांचा फोन आला, "गुरुजी, आमच्याकडे जरा लांबूनच करा."

इकडे बबनभाऊंच्या लेकीचा फोन. त्यांनी तो माझ्या हातात दिला. "तुमीच सांगा तिला."

"दादा, आबांना कधी सोडताय?"

"अर्ध्या तासात नक्की."

"मघाशी आबापण असंच म्हणाले होते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

शेवटी सर्व्हरवाल्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. त्याने एकच विचारलं, "मागे केबली किती आहेत?"

"चार."

"मोजून सांगा."

मोजल्या. "दोन."

"मग बरोबर आहे. आभासी कार्डं किती चालतील ते ह्या केबलींवर ठरतं. केबली निम्म्या केल्यात, मर्यादा खाली आली. चालू होतं तोवर निभावलं. बंद करून उठवल्यावर जास्तीच्या कार्डांना जागाच मिळाली नाही. उरलेल्या दोन लावा. कुठे आहेत त्या?"

कुठे आहेत? मी मान वर केली. सकाळी दारावर झेंडूचं तोरण बांधायला सुतळी सापडली नव्हती हो.

मग काय, भर सणाला, सगळ्या कारखान्यासमोर मी स्टुलावर चढून सर्व्हरचं तोरण सोडवत होतो. गाठी माझ्याच हातच्या, सुटता सुटेनात. स्टूल गुरुजींनी धरलं होतं. केबली लावल्या, स्विचला पेटीची नव्याने ओळख करून दिली, सर्व्हर उठवला आणि बिल निघालं. गाडी गेटबाहेर पडली. शेजारच्या कारखान्यात मीच फोन करून खरं काय ते सांगितलं. खरंच लाज वाटली.

निघताना गुरुजींनी पूजेतला लाल दोरा काढला. "हात पुढे कर." मला भरून आलं. ज्या माणसाला मी सकाळपासून बदनाम करत होतो, तो मला रक्षा बांधतोय. मी उजवा हात पुढे केला.

"दोन्ही," गुरुजी म्हणाले.

दोन्ही मनगटं जवळ घेऊन त्यांनी एकत्र करकचून बांधली. तोवर बबनभाऊंनी मोटारसायकलला किक मारली होती. ते तिथूनच ओरडले,

"गुरुजी, मी लेकीला घिऊन घरी पोचोस्तर ती गाठ सोडू नगा."