चार नंबरचा बांबू

तीन आठवडे झाले, तरी मला अजून खरं वाटत नाही. गुरुवारी दुपारी एस्प्लनेडच्या आमच्या ऑफिसात मी टाइप करत बसले होते. फोन आला, पलीकडे कुसुमकाकू. "मंजू, काका गेले गं. ट्रामच्या थांब्यावर उभे होते, तिथेच खाली बसले..." आणि मी काय विचारावं? "चष्मा सापडला का?" असं विचारलं मी! काकूंनीही सरळ उत्तर दिलं, "हो, एक काच फुटलीय." फोन ठेवून मी जागेवर आले आणि अर्धं राहिलेलं पत्र पूर्ण टाइप केलं. एकही चूक नाही! मला काकांना एक गोष्ट सांगायची होती हो. दोन वर्षं पोटात ठेवलेली. त्या रविवारी नक्की सांगायची, असं ठरवलं होतं. आणि हा माणूस गुरुवारीच...

दत्ताकाका आमच्या नात्यातले नव्हेत. बालीगंजला आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. केंद्र सरकारच्या नकाशे करणाऱ्या एका खात्यात होते, बदलीवर आले आणि इथेच रमले. कारण काय, तर एक बेट! हुगळी समुद्राला मिळते त्याच्याही पुढे, मोठ्या वादळानंतरच्या हिवाळ्यात, पाण्यातून गाळाची एक पाठ वर आली. एस्प्लनेडसमोरच्या आपल्या मैदानाच्या निम्मीसुद्धा नसेल, भरतीला जवळजवळ बुडणारी. ऑफिसला तिच्यात काडीचा रस नव्हता. काकांनी मात्र व्रत घेतलं. दर पौष अमावास्येला, ओहोटी खूप खोल जाते तेव्हा, स्वतःची रजा टाकून तिथे जायचं. पाण्याच्या कडेला लाल चिंधी बांधलेले सहा बांबू रोवायचे आणि पुढच्या वर्षी येऊन बघायचं, कडा बांबूच्या अलीकडे आलीय की पलीकडे गेलीय. मग नव्या कडेला नवे बांबू. त्यांचं म्हणणं होतं की बेट चालतं! पूर्वेला झिजतं, पश्चिमेला वाढतं. "बाळ पावलं टाकतंय," ते म्हणायचे, "आणि आमचे साहेब म्हणतात, आधी जन्माचा दाखला आणा."

त्यांचे सगळे रिपोर्ट मीच टाइप करायची. त्यांच्या खोलीत, एकाहत्तरच्या युद्धातल्या ब्लॅकआउटचा काळा कागद अजून ज्या खिडकीला चिकटलाय, तिच्यापाशी बसून. ते सांगायचे, मी बडवायची. "अगं हळू, बेटसुद्धा एवढं पळत नाही!" दोन वर्षांपूर्वी म्हणाले, "नुसतं टाइप काय करतेस, चल बघायला." काकूही आल्या, पण चिखल बघून होडीतून उतरल्याच नाहीत. "मी इथूनच नमस्कार करते तुमच्या बेटाला!" उतरल्या उतरल्या मी डबा उघडला, तर काका ओरडले, "आधी प्रदक्षिणा, मग नैवेद्य!" त्यांचा नियमच होता तो. आधी अख्ख्या बेटाला फेरी, पावलं मोजत, मधे बोलायचं नाही.

काय सांगू ती फेरी! सगळा किनारा लाल दिसत होता, आणि आम्ही पाऊल टाकलं की तो लाल रंग झर्रकन मातीत शिरायचा. खेकडे! हजारो! चिखलात निवटे उड्या मारत होते, माशासारखा मासा, पण चालतो. मधे उंचवट्यावर खरखरीत गवत, आणि त्या गवतात खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवराचं दोन पानांचं एक रोपटं. काका त्याच्यासमोर चक्क गुडघे टेकून बसले आणि न बोलण्याचा नियम त्यांनीच मोडला. "आधी गवत येतं, ते गाळ धरून ठेवतं. मग खेकडे, त्यांच्यामागे पक्षी, मग झाड. माणूस सगळ्यात शेवटी."

"आणि मग?"

"मग भांडणं!" काका म्हणाले, आणि आमचे नावाडी निताईदा, मराठीचं अक्षर कळत नसताना, खो खो हसले.

आणि मग मी घाण केली. काका मोजमाप घ्यायला दुसऱ्या टोकाला गेले होते. मी चिखलात आपटले, साडी कमरेपर्यंत भिजली. वरून काकूंनी बळेच बरोबर दिलेली जाडी शाल गुंडाळली आणि साडी वाळत घालायला काठी शोधली. समोर बांबू होता. चार नंबरचा, गेल्या वर्षीचा, अजून न मोजलेला. हलवून हलवून उपटला! साडी वाळली, मी बांबू परत न्यायला गेले, तर भोक कुठे होतं तेच कळेना. ओल्या वाळूनं केव्हाच गिळलं होतं. काका येताना दिसले. मी अंदाजानं खुपसला, चिंधी नीट केली, आणि तोंड बंद ठेवलं. एका माणसानं वर्षभर वाट बघितलेली खूण होती ती... आणि मी तिच्यावर साडी वाळवली.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी बोलावलं, मी परीक्षेचं निमित्त सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे यंदा, ऑफिसचं. ते एवढंच म्हणाले, "बरं." यंदा परत आल्यावर म्हणाले, "मधल्या वर्षांचे रिपोर्ट राहिलेत, चार वर्षांचं सगळं एकत्र करून मोठा रिपोर्ट करू. रविवारी ये." खोटा आकडा माझ्याच हातानं टाइप व्हायचा होता, म्हणून तर सांगायचं ठरवलं होतं!

तेराव्यानंतर काकूंनी त्यांची वही माझ्या हातात ठेवली. "तूच पुरं कर गं. त्यांचं अक्षर दुसऱ्या कुणाला लागायचं नाही." मी ते पान घाबरत उघडलं. त्याच दिवसाची नोंद होती. 'क्र. ४. बांबूला चिकटलेल्या शिंपल्या वाळूपासून वीतभर वर, खालचा, आधी गाडलेला भाग कोरा. म्हणजे बांबू उपटून पुन्हा रोवलेला. शेजारी मंजूच्या पावलांच्या खुणा. आकडा धरू नये. तिला बोलायचं नाही, पोर हिरमुसेल. पुढल्या वर्षी पुन्हा आणायचं.' त्याच संध्याकाळी लिहिलेलं! होडीत माझ्या शेजारी बसून शेंगा सोलून देत होता हा माणूस, सगळं माहीत असताना! पुढच्या वर्षीच्या पानाच्या तळाशी, 'मंजू आली नाही.' यंदाच्या पानावर, 'मंजू याही वर्षी आली नाही. तिवर आता तिच्या खांद्याला लागेल.'

मी वही मिटली. पुन्हा उघडली. पुन्हा वाचलं. मला वाटत होतं, मी त्यांच्यापासून लपवतेय...

रिपोर्ट काल पुरा केला, त्याच खिडकीपाशी. त्या वर्षाच्या तक्त्यात चार नंबरपुढे त्यांनी 'आकडा नाही' लिहून कारणाचा रकाना कोरा ठेवलाय. मी तिथे माझं पूर्ण नाव टाइप केलं, आणि काय केलं तेही. पहिल्यांदाच एवढं सावकाश टाइप केलं.

उठून गॅलरीत आले. पुढच्या हिवाळ्यासाठी काकांनी कापून, नंबर घालून, चिंध्या बांधून ठेवलेले सहा बांबू तिथे आहेत. दोन आडवे करून काकूंनी त्यांच्यावर साडी वाळत घातली होती.

"अडचण होतेय नुसती," काकू म्हणाल्या. "देऊन टाकू का गं कुणाला?"

"नको. पौषात लागतील. निताईदांना मी कळवलंय." मी साडी काढून घेतली. "आणि काकू, या वेळी तुम्हीसुद्धा होडीतून उतरायचं."