जगात पहिला नंबर

कुणाच्याही घरी गेले की साळवे सर आधी भिंतीला तळहात टेकवायचे. पाणी, खुर्ची, चौकशी सगळं नंतर. आमच्या हिला पहिल्यांदा वाटलं, माणूस ओल शोधतोय. ती उगाच ओशाळली. "घर किती तापलंय ते बघतोय वहिनी," सर म्हणाले.

राहात्याजवळच्या कॉलेजात आम्ही दोघं शिकवायचो. कुठल्या देशातलं घर किती वीज खातं आणि त्यापायी हवेत किती कार्बन जातो, हा सरांचा अभ्यास. जर्मनी, जपान, कुठकुठल्या घरांचे आकडे त्यांच्याकडे यायचे. आपल्याकडून त्यांनी बेलापूरचं वडिलांचं, म्हणजे अण्णांचं घर अभ्यासाला दिलं. दोन खोल्या, वर पत्रा. मीटरपाशी वीज मोजायचं यंत्र बसवलं. सगळ्यांत कमी आकडा त्याच घराचा आला. सर हरखले आणि घरी सांगून बसले, "अण्णा, जगात पहिला नंबर हाय तुमचा." कशाला सांगितलं, देव जाणे.

अण्णांनी ते मनावर घेतलं. पारावर रोज तोच विषय. उन्हाळ्यात सरांनी त्यांना कूलर नेऊन दिला. आठवड्यानं आम्ही दोघं गेलो, तर घराची भट्टी झालेली आणि कूलरवर चादर पांघरलेली.

"लावत का न्हाई, अण्णा?"

"लावला तर तुजा आकडा बिगडंल की. परदेशातली मान्सं काय म्हन्तील?"

"आकडा गेला खड्ड्यात," म्हणत सरांनी कूलर सुरू केला. अण्णा नुसते हसले. आमची गाडी वळताच त्यांनी तो बंद केला असणार. मे महिन्यात एका दुपारी शेजारणीला ते खाटेवर निपचित दिसले. डॉक्टर म्हणाले, उष्माघातानं गेले. पंखासुद्धा बंद होता.

अभ्यासाच्या पुढच्या ऑनलाइन बैठकीत एका परदेशी बाईंनी कौतुकानं विचारलं, इतक्या कमी विजेत या घराला जमतं कसं? मी शेजारीच होतो. सर म्हणाले, जमत नाही, सोसतात. आणि उठून गेले. मला फार वाईट वाटलं, पण त्यांच्यामागे जायचा धीर झाला नाही.

परवा बेलापूरला गेलो होतो. भर उन्हात सरांची गाडी अण्णांच्या दाराशी उभी. आत कूलर सुरू, पंखा सुरू, खाट रिकामी. सर भिंतीला तळहात टेकवून उभे होते. यंत्रावरचा आकडा चढत होता.

"बंद करू का?" मी विचारलं.

"राहू दे," सर म्हणाले. "अण्णांचा नंबर जाऊ दे आता."